विंचू आणि व्हिडिओ कॉल

खेड्यात डॉक्टर टिकत नाही, मग त्याच्या मिनतवाऱ्या कशाला? उपकेंद्रात एक टॅब ठेवा, शहरातला तज्ज्ञ पडद्यावर बोलवा आणि आरोग्य केंद्रांवरचा खर्च वाचवा. हा सिद्धान्त एक विद्वान सध्या गावोगाव नव्हे, सभागृहोसभागृही मांडत आहेत. सभागृहात रेंज उत्तम असते.

२०१९ साली सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेला नावे ठेवण्याचे कारण नाही. रक्तदाबाची गोळी बदलून घेण्यासाठी तालुक्याला मारावी लागणारी खेप आणि बुडणारी मजुरी वाचत असेल, तर उत्तमच. पण विंचवाचे काय? कोकणात लाल विंचू चावला की दरदरून घाम, उलट्या, मग फुप्फुसात पाणी, आणि काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या दंशावर लागू पडते, हे दाखवून दिले. विद्वानांच्या योजनेत बिरवाडीला टॅब मिळाला असता, बावसकर नव्हे. तीच गोष्ट सापाची: मण्यार चावलेल्याचा श्वास मंदावत असताना प्रतिविष शिरेतून कोणी द्यायचे? पडद्यावरचे तज्ज्ञ फार तर म्हणतील, ‘ताबडतोब दवाखान्यात न्या.’ तो दवाखाना तर विद्वानांनी काटकसरीत काढलेला!

विजेचा आणि नेटवर्कचा मुद्दा मेळघाटात कोणालाही विचारावा.

एकेकाळी या ‘डॉक्टरविना भागवा’ हट्टाच्या नेमका उलटा हट्ट होता. निरक्षर दाईच्या हाती औषध म्हणजे पोरखेळ, असे पदवीधर मंडळी म्हणत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाईंना एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी दिले. बाळाच्या दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरले की न्यूमोनिया ओळखायचा. गावातल्याच बायकांनी केलेल्या घरोघरच्या नवजात-सेवेने तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११पासून हे काम देशभर ‘आशा’ आरोग्यसेविकांकडे आले.

तेव्हा तंत्रज्ञान हवेच, पण ते आशाताईच्या हाताला जोड म्हणून; आणि त्या हाताला नियमित पगारही हवा. कोणत्या केंद्रात किती प्रतिविष शिल्लक आहे, हे रुग्णाला घेऊन निघण्याआधी मोबाइलवर दिसले तरी पुष्कळ. पुढच्या सभेत टॅबचे गुणगान सुरू झाले, तर वाचकांनी उभे राहून एवढेच विचारावे: इथून सर्वात जवळच्या केंद्रात आज प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत?