कानांचे अंदाजपत्रक

सांगलीतील एका घरात पहाटे साडेपाचला भक्तामर स्तोत्र सुरू होते, सहा वाजता नाट्यगीते आणि साडेसहाच्या सुमारास एखादे ध्वनिमुद्रित प्रवचन. हे सारे मोबाईलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकातून, आवाज अगदी शेवटच्या टोकाला नेऊन. ऐकणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. सूनबाई घरूनच संगणकावर नोकरी करतात आणि रात्री उशिरा झोपतात, नातू दहावीत. भक्तामराला कोणाची हरकत असण्याचे कारणच नव्हते. मोबाईलमधून येणाऱ्या त्या पत्र्यासारख्या आवाजाला मात्र होती. एका रविवारी जेवताना विषय निघाला आणि आजोबांना हेडफोन घ्यावा, असा ठराव एकमताने संमत झाला. मतभेद झाले ते किमतीवरून. नातवाच्या मनात बाहेरचा कोलाहल पुसून टाकणारा, बारा हजारांचा बिनतारी संच होता. आजोबांचे म्हणणे असे की, बसस्थानकाबाहेर दीडशे रुपयांत मिळतो, तो काय वाईट?

दोघांची चूक एकच होती. दोघांनीही किंमत आधी धरली आणि गरजेचा विचार नंतरसाठी ठेवला.

गरजेची तेरीज मांडणे मुळीच अवघड नाही. कोण ऐकणार, रोज किती वेळ, कोठे बसून आणि काय? आरामखुर्चीत बसून दोन तास गाणे ऐकणाऱ्याला आणि डोंबिवलीहून लोकलने नोकरीवर जाणाऱ्याला एकच वस्तू सोयीची ठरेल, असे नाही. कोलाहल शमवणारी जी यंत्रणा हल्ली मोठ्या अक्षरांत जाहीर केली जाते, ती विमानाची घरघर, बसचे इंजिन, पंख्याचा सलग आवाज असे खालच्या पट्टीतील एकसुरी ध्वनी चांगले दाबते. शेजारच्या खोलीतील बोलणे किंवा कुकरची शिटी तिला तितकीशी आवरत नाही. पहाटेच्या शांत घरात बसून ऐकणाऱ्याने तिच्यासाठी पैसे मोजणे म्हणजे न वापरलेल्या लॉकरचे भाडे भरत राहणे होय. रस्त्याने चालताना तर ती वापरूच नये. मागून येणारे वाहन ऐकू येणे हे कोणत्याही रागदारीपेक्षा महत्त्वाचे आहे.

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’तील व्याख्येनुसार अन्नासारखी एकदाच कामी येणारी वस्तू हा भोग आणि वस्त्रासारखी पुनःपुन्हा वापरावयाची वस्तू हा उपभोग. हेडफोन दुसऱ्या खात्यात पडतो. म्हणून त्याचा हिशेब खरेदीच्या दिवशीच्या किमतीवरून न करता तो किती वर्षे साथ देईल, यावरून करणे योग्य. समजा, तारेचा संच पंधराशे रुपयांना घेतला आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाचा घसारा तीनशे रुपये. कानात बसणारी बिनतारी जोडी तीन हजारांना घेतली आणि ती तीन वर्षे चालली, तर घसारा हजार रुपये. यात बिनतारी जोडीवर अन्याय झाला आहे, असे कोणी म्हणू नये. तिच्या प्रत्येक बोंडात लिथियमची एक चिमुकली बॅटरी असते, ती प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी थकत जाते आणि बहुतेक संचांत ती बदलता येत नाही. एक बोंड प्रवासात हरवले, तर दुसरे निम्म्या किमतीचेही राहत नाही. तारेच्या संचाचे दुखणे बहुधा पिनेजवळ किंवा तार जेथे आत शिरते तेथे उद्भवते आणि पेठेतील रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ते थोडक्या पैशांत डाग देऊन बरे करू शकतो. तार वेगळी काढता येणारा संच मिळाला, तर त्याहून उत्तम.

तारेचा पक्ष घेताना तिची एक अडचण सांगितलीच पाहिजे. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनची गोल खाच काढून टाकली आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या मोबाईलला साडेतीन मिलिमीटरची खाच आहे की नाही, हे पाहावे. नसेल, तर यूएसबी-सी चे लहानसे जोडयंत्र घ्यावे लागते आणि तेही दुकानातच आपल्या मोबाईलला लावून, आवाज ऐकूनच घ्यावे. प्रत्येक जोडयंत्र प्रत्येक मोबाईलला मानवतेच, असे नाही. स्वयंपाक करताना किंवा घरात हिंडता-फिरता ऐकणाऱ्या गृहिणीला मात्र बिनतारी संचच सोयीचा. पदराला अडकणारी तार सुखाची नसते.

खोक्यावरील आकडे वाचताना ठेवींच्या जाहिरातीतील तारांकित व्याजदर वाचताना जी सावधगिरी बाळगतात, तीच बाळगावी. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. वय वाढते तसे वरचे टोक खाली सरकते. साठीनंतर पुष्कळांना १०-१२ हजारांच्या वरचे काही ऐकूच येत नाही. अशा ग्राहकाने खोक्यावर ४०,००० हर्ट्झ लिहिले आहे, म्हणून दोन हजार रुपये अधिक द्यावेत, याला व्यवहार म्हणता येणार नाही. पडद्याचा व्यास ४० मिलिमीटर की ५०, यावरूनही गोडवा ठरत नाही. मोठ्या पातेल्यात शिजवलेली आमटी अधिक चवदार होत नाही. एक आकडा मात्र खरोखर उपयोगाचा आहे. विरोध, म्हणजे ओहम. १६ ते ३२ ओहमचे संच मोबाईल सहज चालवतो. ध्वनिमुद्रण केंद्रांसाठी केलेले २५० ओहमचे संच मोबाईलला लावले, तर आवाज मरगळलेला येतो आणि ग्राहक वस्तूला दोष देतो.

आकड्यांहून मोठी गोष्ट म्हणजे बसणी. कानाच्या नळीत बसणाऱ्या संचाबरोबर रबराच्या तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुसंख्य लोक मधली टोपी जशी असेल तशी ठेवून देतात. टोपी सैल असली की खालचे स्वर निसटून जातात, तबल्याचा डग्गा कागदासारखा वाजतो. मग ‘यात बास नाही’ असे म्हणून संच परत केला जातो. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टोपी लागू शकते, हेही पुष्कळांच्या गावी नसते. कान झाकणाऱ्या मोठ्या संचात चष्म्याच्या काड्यांमुळे गादी नीट टेकत नाही आणि अर्ध्या तासात कानामागे दुखू लागते. तेव्हा चष्मा लावून, निदान दहा मिनिटे संच डोक्यावर ठेवून पाहावे. दुकानदाराने घाई केली, तर दुकान बदलावे.

गादीवरून आणखी एक मुद्दा, जो इतर नियतकालिकांत सहसा येणार नाही. काही महागड्या संचांच्या गाद्यांवर आणि डोक्यावरील पट्टीवर मेंढीचे खरे कातडे चढवलेले असते आणि जाहिरातीत ते गुण म्हणून सांगितले जाते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या संचांत बहुतेक वेळा कृत्रिम चामडे, स्पंज किंवा कापड असते. चामड्याचा पट्टा न वापरणाऱ्या घरांत हा प्रश्न विचारूनच खरेदी व्हावी. कापडी गादी घेतली, तर शंकाही उरत नाही आणि उन्हाळ्यात कानाला घामही कमी येतो.

निवड करताना दुकानातील गाणे ऐकू नये, आपले ऐकावे. प्रदर्शनासाठी लावलेले नृत्यसंगीत ढोलाच्या दणक्याने प्रत्येक संच थोर भासवते. वर्षानुवर्षे ऐकलेल्या दोन-तीन ध्वनिमुद्रिका मोबाईलमध्ये घेऊन जाव्यात. तंबोऱ्याची जवारी ही याबाबतीत सर्वांत कठोर परीक्षक आहे. चांगल्या संचात ती सोनेरी धाग्यासारखी उलगडते, वाईट संचात नुसती माशीसारखी गुणगुणते. भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांचा एखादा विलंबित ख्याल लावून गायकाचा श्वास, तंबोरा आणि डग्ग्याची घुमार ही तिन्ही वेगवेगळी ऐकू येतात का, हे पाहावे. दोन संचांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. ज्याचा आवाज किंचित मोठा, तोच कानाला अधिक चांगला वाटतो. ही मनुष्यस्वभावाची खोड विक्रेत्यांना चांगली ठाऊक असते. १९५० च्या दशकातील चित्रपटगीते ऐकणाऱ्यांनी अपेक्षाही माफक ठेवाव्यात. ते ध्वनिमुद्रण एकमार्गी, म्हणजे मोनो आहे. उत्तम संच त्यातील व्हायोलिने डावी-उजवीकडे पसरवू शकणार नाही, उलट ध्वनिफितीची खरखर अधिक स्पष्ट ऐकवील.

नावे घ्यायचीच, तर तीन घेता येतील. सोनीचा एमडीआर-झेडएक्स ११० हा कानावर टेकणारा, घडी होणारा साधा संच. पहिल्या खरेदीला पुरेसा. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात बनतो आहे. वजनाला फुलासारखा, स्पंजाच्या गाद्यांचा. मात्र उघड्या रचनेमुळे शेजाऱ्यालाही थोडे गाणे ऐकू जाते. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम २०एक्स कान झाकतो आणि गायकाचा आवाज प्रामाणिकपणे पोचवतो, परंतु त्याची तार तीन मीटर लांबीची आहे, ती गुंडाळून ठेवावी लागते. किमती सणासुदीला खालीवर होतात, म्हणून येथे दिलेल्या नाहीत. हजार ते पाच हजारांच्या मर्यादेत रोजचे संगीत समाधानाने ऐकता येते. त्यापुढे प्रत्येक जादा हजाराला मिळणारा परतावा झपाट्याने घटत जातो.

खरे अंदाजपत्रक रुपयांचे नसून कानांचे असते आणि ते कोणी मांडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले आहे. लहान मुलांसाठी हीच पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, म्हणजे रोज पस्तीस मिनिटेही नाहीत. हे चक्रवाढीचे गणित उलट्या दिशेने चालते आणि त्यात मुद्दलच खर्ची पडते. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की मानवी शरीरात पुन्हा उगवत नाहीत. जैन जीवविचारात स्पर्शापासून मोजत गेल्यास श्रोत्र हे पाचवे, सर्वांत शेवटी लाभणारे इंद्रिय. पंचेंद्रिय जीवांनाच ते मिळते. दुर्मीळ ठेव म्हणून तरी ती जपावी. मोबाईलच्या ध्वनिविषयक सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. मुलांच्या हाती हेडफोन देण्यापूर्वी ती घालून द्यावी.

सांगलीच्या घरी अखेर तारेचा, कापडी गाद्यांचा, अठराशे रुपयांचा संच आला. आजोबांनी दुकानात चष्म्यासह अर्धा तास बसून तो पारखला. आठवडाभर सारे सुरळीत होते. मग एके दिवशी नातवाने सहज तो कानाला लावला आणि दचकून काढून टाकला. आवाज पूर्ण टोकाला होता. ‘शब्द कळत नाहीत रे, आवाज येतो,’ असे आजोबा म्हणाले. वयपरत्वे वरच्या पट्टीतील ध्वनी आधी हरपतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. म्हणून माणसाला गाणे ऐकू येते, पण त्यातील शब्द पुसट होतात आणि तो आवाज वाढवत राहतो. सूनबाईंनी बदलून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. उजव्या बाजूचा भाग डाव्या कानाला लावला की आजोबांना काहीच समजेना. दोष संचात नव्हता, डाव्या कानात होता.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी झाली. डावा कान उजव्यापेक्षा बराच मंद निघाला. तज्ज्ञांनी कान तपासून मळ काढला, पुढील तपासण्या लिहून दिल्या आणि श्रवणयंत्राचा विचार करण्यास सांगितले. मोबाईलमध्ये सुगम्यतेच्या विभागात दोन्ही बाजूंचा ध्वनी एकत्र करून दोन्ही कानांना सारखाच देण्याची सोय असते, ती नातवाने त्याच संध्याकाळी चालू केली आणि कमाल आवाजाला मर्यादा घातली. कित्येक वर्षे डावीकडे हरवलेली सारंगीची साथ आजोबांना उजव्या कानात ऐकू आली. ते गाणे त्यांनी तीनदा लावले.

आता पहाटे साडेपाचला त्या घरात शांतता असते. सामायिक मात्र ते पूर्वीप्रमाणेच, संच आणि मोबाईल दोन्ही बाजूला ठेवून करतात. त्यानंतर सूनबाईंना चहा झाल्याचे सांगण्यासाठी आरामखुर्चीपर्यंत यावे लागते आणि खांद्यावर हात ठेवावा लागतो, तोही उजव्या बाजूने.