सहा वर्षांखालील मुलांचा हक्क

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात शिक्षणाच्या वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. सर्व बालकांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे ते कलम सांगत होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच ठेवावी अशी सूचना आली. परमपूज्य बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो हक्क सहा ते चौदा या वयापुरता बांधला आणि सहा वर्षांखालील बालकांना मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. ही तत्त्वे न्यायालयाकडून बजावून घेता येत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलमही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल' एवढेच म्हणते. 'करील' असे म्हणत नाही.

या एका क्रियापदाची किंमत कोण भरतो? ज्या घरात वर्तमानपत्र येते, त्या घरचे मूल अर्धी शाळा शिकूनच पहिलीत येते. औंढा नागनाथ तालुक्यातील मजुराचे मूल मात्र त्याच दिवशी प्रथम पुस्तक हाती धरते; आणि मग त्याला 'मंद' म्हणतात! हा बुद्धीचा दोष नव्हे, संधीचा आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. अंगणवाडीचा उगम असा शिक्षणात आहे. आज पुष्कळ पालक तिला केवळ आहार वाटपाचे ठिकाण समजतात. आहार हवाच, पण शिक्षणाचा तास त्याहून कमी मोलाचा नाही.

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी देऊन बाराखडी गिरवून घेणे म्हणजे पूर्वतयारी नव्हे. त्याने गोष्ट ऐकावी व आपल्या शब्दांत सांगावी. 'कणीस' आणि 'कपाशी' यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो हे कानाने ओळखावे. चिंचोके मोजावेत, मातीवर रेघा ओढाव्यात. अक्षर त्यानंतर सहज येते. घरची बोली अशुद्ध म्हणून त्याला गप्प बसवू नये. जे मूल घरी बोलते, तेच पुढे वाचते. निरक्षर आईलाही हे सर्व करता येते. बाजारहून येताना मुलाशी बोलण्यास पदवी लागत नाही.

तथापि घरच्या कर्तव्याने शासनाचे कर्तव्य फिटत नाही. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या अंगणवाड्यांसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम देण्यास सांगितले. तसेच सहा वर्षांखालील चाळीस मुले असूनही अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी, असा आदेश दिला. म्हणून प्रत्येक वस्तीने आपल्या मुलांची वयासह यादी करावी, ग्रामसभेत ठराव मांडावा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अंगणवाडी असेल तर तेथे शिकविले काय जाते, हे दर महिन्यास विचारावे. पहिलीच्या प्रवेशासाठी कोणी मुलाची परीक्षा घेऊ लागल्यास कायद्याचे १३ वे कलम दाखवावे. तशी परीक्षा दंडनीय आहे.

तोंडी विनवणी विसरली जाते. लेखी मागणीला उत्तर द्यावे लागते. घटनेने जेथे हक्क अपुरा ठेवला आहे, तेथे जागरूक पालकांनीच तो पुरा करून घेतला पाहिजे.