शोभेची दारू

दिवाळीचे फटाके उडू लागले की एक वाक्य हमखास कानी पडते : चिन्यांनी दारूचा शोध लावला खरा, पण केले काय, तर फटाके! तोफा केल्या त्या युरोपने. मला याची चीड येते. बोलणारे बहुधा शिकलेले असतात, म्हणून अधिकच.

इ. स. १०४४ मध्ये सुंग दरबाराच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'वूजिंग झोंगयाओ' हा ग्रंथ युद्धशास्त्राचा आहे, आतषबाजीचा नव्हे. त्यात दारूच्या तीन कृती आहेत. त्यांतली एक विषारी धुराच्या गोळ्याची. सोरा-गंधकाच्या जोडीला तीत चक्क बचनाग आहे! १२३२ साली कैफेंगच्या तटावरून मंगोलांवर लोखंडी कवचाचे बाँब सोडले गेले, ते काय दिवाळसणाचे होते? धातूच्या नळीची बंदूकही तेराव्या शतकात तेथेच झाली.

चिनी भाषेत दारूचे नाव 'अग्निऔषध'. किमयागारांच्या खटपटीतून ती निघाली ना! या औषधी नावावरच आमचे विद्वान भाळले असतील काय? छे. पूर्वेकडचा माणूस पोरकट, हे त्यांनी साहेबाच्या पुस्तकात वाचले, आणि स्वतः पूर्वेकडचे असूनही ते मुकाट्याने घोकले.