बाळालाही गाण्याला न्या

बाळ झालं की आईबाबांचं गाण्याला जाणं बंद होतं. एकानं घरी थांबायचं, हे जणू ठरलेलंच असतं. तसं करू नका. बाळालाही न्या. फक्त जागा नीट निवडा.

बाळाला सूर ओळखीचे असतात. पोटात सहा-सात महिन्यांचं असल्यापासून त्याला आवाज ऐकू येतो. समोर बसून कुणी गात असलं, तबल्यावर बोटं पडत असली, तर ते टक लावून बघतं. बाळंतपणानंतर घरात अडकलेल्या आईलाही चार माणसांत बसायला मिळतं.

पण बाळ हुशार व्हावं म्हणून नेऊ नका. मोझार्ट ऐकवला की बुद्धी वाढते, ही समजूत १९९३ सालच्या एका प्रयोगातून पसरली. तो प्रयोग कॉलेजातल्या मुलांवर झाला होता, तान्ह्या बाळांवर नव्हे. दिसलेला फायदाही थोड्या मिनिटांपुरताच होता. त्या आशेनं महागडे क्लास लावू नका. आनंदासाठी न्या, तेवढं पुरे.

पहिले दोन-तीन महिने गर्दी टाळा. पुढे कधी न्यायचं, ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात घरगुती बैठकीनं करा. गुरुपौर्णिमेला गुरुजींकडे होणारं गाणं, देवळातलं भजन. माइक नसेल तर फारच छान.

पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या मोठ्या मंडपात जाणार असाल, तर स्पीकरपासून लांब बसा. बाहेर पडायची वाट जवळ असू द्या. डिसेंबरचा गारठा असतो, पांघरूण विसरू नका.

शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतोय? मग बाळासाठी तो गोंगाट आहे. लगेच उठा. कानटोपी थंडी अडवते, मोठा आवाज नाही. कानात कापसाचे बोळे खुपसू नका. लहान मुलांचे कान झाकणारे इअरमफ मिळतात, ते जवळ ठेवा.

झोप झालेली आणि पोट भरलेलं असताना निघा. बाळाला मांडीवर गायकाकडे तोंड करून बसवा. विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो. बाळानं पंधरा मिनिटं ऐकलं तरी पुष्कळ झालं. झोपलं तर झोपू द्या. रडलं तर लगेच बाहेर या, शांत झालं की परत जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आयोजकांनो, कडेला दोन सतरंज्या बाळांच्या आईबाबांसाठी राखून ठेवा. अंगावर पाजायला आडोसा करा. आणि श्रोतेहो, बाळ रडलं म्हणून वळून डोळे वटारू नका. त्या आईला पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे.

या महिन्यात तुमच्या जवळपास कुठे सकाळची बैठक आहे का, याची चौकशी करा. बाळ चालेल का, हे आधी फोन करून विचारा. आणि जा.