पावलांचा वैद्य टिकणार कसा?

अंबरनाथ येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले आणि एम.बी.बी.एस.च्या 100 जागा उपलब्ध झाल्या. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट होय. परंतु केवळ जागांनी महाविद्यालय उभे राहत नाही. शिकविणारी माणसे टिकली तरच ते उभे राहते. ती टिकणे कठीण का, हे पाहावयाचे तर पाऊल आणि घोट्याच्या शल्यचिकित्सेचे उदाहरण पुरेसे आहे.

एका पावलात 26 हाडे असतात. अस्थिरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतरही या अंगाचे विशेष ज्ञान मिळविण्यास काही वर्षे द्यावी लागतात. मात्र गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्यास खाजगी व्यवसायात जे उत्पन्न मिळते, ते चिघळलेल्या पावलाची निगा राखणाऱ्यास मिळत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णाला जखम झाल्याचेही कळत नाही. त्याला वेळेवर तपासणी, आठवडेच्या आठवडे मलमपट्टी आणि योग्य पादत्राण मिळाले, तर पुष्कळदा पाय कापण्याची वेळ टळते. हा लाभ मोठा, पण त्याचे बिल लहान. रुळांवर किंवा कारखान्यात पाय गमावणारेही बहुधा हातावर पोट असलेलेच असतात. म्हणजे गरज आहे, पण क्रयशक्ती नाही. आणि बाजार गरज ओळखत नाही, क्रयशक्ती ओळखतो.

अशा वेळी सार्वजनिक अध्यापन रुग्णालय काय करू शकते, हे जयपूरने दाखवून दिले आहे. डॉ. प्रमोद करण सेठी हे मूळचे सामान्य शल्यचिकित्सक. सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात 1958 साली अस्थिरोग विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेही निरीक्षकांच्या अटीची पूर्तता करण्यासाठी. परंतु ते तेथे टिकले. अल्पशिक्षित कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासह त्यांनी रबराचे कृत्रिम पाऊल घडविले. ते लावून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात चालता येते. 1981 साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पावलाचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. त्यामुळे ते गरिबांच्या आवाक्यात राहिले. समाजाच्या पदरात पडलेल्या या लाभामागे भांडवल होते ते एका पगारी अध्यापकाच्या सलग वर्षांचे आणि रुग्णालयातील कार्यशाळेचे.

ज्याचा लाभ समाज घेतो, त्याचा खर्चही समाजानेच सोसला पाहिजे. अध्यापकांनी त्याग करावा, हा उपदेश सोपा आहे. पण उपदेशावर विभाग चालत नाहीत. अंबरनाथला हवी आहेत कायमस्वरूपी भरलेली पदे, वारंवार बदलीपासून संरक्षण, संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ, पावलांचा साप्ताहिक बाह्यरुग्ण विभाग आणि कृत्रिम अवयवांची कार्यशाळा. तपासणीच्या दिवसापुरती पटसंख्या भरून काढल्याने मान्यता टिकेल. वैद्य टिकणार नाही.

बदलापूरहून गाडीत उभ्याने मुंबई गाठणारा कारकून, उल्हासनगरच्या शिवणयंत्राचे पायटे दाबणारी स्त्री आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार यांची भाकरी पायांवरच उभी आहे. ते पाय सांभाळणाऱ्याला जवळच्या महाविद्यालयात सन्मानाने आयुष्य काढता येईल अशी व्यवस्था करणे, हे शासनाचे औदार्य नव्हे. ती साधी काटकसर होय.