आधी रूळ, मग मनोरे

लंडनच्या पूर्वेकडील कॅनरी व्हार्फ परिसरात सुमारे ३० लाख चौरस फुटांचे भव्य कार्यालय उभारण्याची घोषणा जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. थेम्सकाठचा हा भूखंड बँकेने २००८ मध्येच घेतला होता. मात्र जागतिक मंदीच्या तडाख्यात तेव्हाचा प्रकल्प बारगळला. आताही ब्रिटनमधील व्यावसायिक वातावरण अनुकूल राहिले पाहिजे, अशी पुस्ती बँकेने जोडली आहे. बंदराच्या जुन्या जमिनीवर आलिशान कार्यालये उभारणे हा केवळ स्थापत्याचा नव्हे, तर धोरणाचा आणि क्रमाचा प्रश्न असतो. पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीचे काय करायचे, याचा खल वर्षानुवर्षे करणाऱ्या मुंबईला म्हणूनच कॅनरी व्हार्फचा इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे.

गोदी बंद, जमीन मोकळी

येथील वेस्ट इंडिया गोदी १८०२ मध्ये सुरू झाली. वेस्ट इंडीज बेटांवरची साखर आणि रम येथे उतरत असे. कंटेनरचे युग आले, जहाजांचा आकार वाढला आणि बंदराचा व्यवहार नदीच्या मुखाकडील टिलबरीला सरकला. १९८० मध्ये गोदीला टाळे लागले आणि तिच्यावर पोट असलेली कामगार वस्ती उघडी पडली. मार्गारेट थॅचर सरकारने १९८१ मध्ये लंडन डॉकलँड्स विकास महामंडळ स्थापन केले आणि बांधकाम परवानगीचे अधिकार स्थानिक पालिकांकडून काढून त्याच्याकडे सोपवले. पुढच्याच वर्षी करसवलतींचे विशेष क्षेत्र जाहीर झाले.

१९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरील निर्बंध सैल झाल्यावर बँकांना शेकडो कर्मचारी एकाच मजल्यावर बसतील अशा प्रशस्त जागा हव्या होत्या. जुन्या ‘सिटी’च्या अरुंद गल्ल्यांत त्या मिळणे कठीण होते. ती गरज हेरून ऑलिंपिया अँड यॉर्क या कॅनडाच्या कंपनीने १९८७ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला.

बांधकाम जमले, गणित चुकले

तांत्रिक अडचणींवर मात करता आली. गोदीच्या पाण्यात तात्पुरते बांध घालून, आतले पाणी उपसून आणि मऊ गाळाखालील भक्कम थरापर्यंत पाया नेऊन इमारती उभ्या करण्यात आल्या. वास्तुरचनाकार सीझर पेली यांचा ५० मजली ‘वन कॅनडा स्क्वेअर’ १९९१ मध्ये पूर्ण झाला. २३५ मीटर उंचीचा हा मनोरा तेव्हा ब्रिटनमधील सर्वांत उंच इमारत होता.

तेथे पोहोचायचे कसे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. १९८७ मध्ये सुरू झालेली हलकी रेल्वे हजारो नोकरदारांचा भार पेलण्याजोगी नव्हती. भुयारी ज्युबिली मार्ग येथपर्यंत आणण्यासाठी ४० कोटी पौंड देण्याची तयारी विकासकाने दाखवली होती. तोच मालमत्ता बाजार कोसळला, गाळे रिकामे राहिले आणि मे १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्युबिली मार्ग १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर परिसर खऱ्या अर्थाने बहरला. २०२२ मध्ये एलिझाबेथ मार्गाची त्यात भर पडली.

केवळ कार्यालयांवर विसंबण्याची किंमतही या परिसराने मोजली. करोनानंतर घरून काम रूढ झाले आणि एचएसबीसीने २०२३ मध्ये येथील आपला मनोरा सोडण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे आता घरे, दुकाने आणि मनोरंजनावर भर देण्यात येत आहे. शिवाय गोदी कामगारांच्या वस्तीला बँकांमधील नोकऱ्या आपोआप मिळाल्या नाहीत. हे मनोरे ज्या टॉवर हॅम्लेट्स पालिकेच्या हद्दीत आहेत, तेथील बालदारिद्र्याचे प्रमाण आजही चिंताजनक आहे.

मुंबईपुढील प्रश्न

बंदरालगत कार्यालये उभारणे मुंबईला नवे नाही. गेल्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतील भरावावरच बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाल्यानंतर कंटेनरची वाहतूक तिकडे वळली. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासासाठी केंद्राने २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली. त्यानंतर आराखडे झाले, परंतु गोदामे, जुने भाडेपट्टे आणि झोपडपट्ट्यांचा गुंता सुटलेला नाही.

पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये आणि अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, पण या दोन्ही सोयी प्रामुख्याने मोटारींच्या आहेत. वडाळ्यामार्गे गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या मेट्रो ११ ला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती धावण्याआधीच मनोऱ्यांना परवानग्या दिल्या गेल्या, तर लंडनची चूक येथे जाणूनबुजून केल्यासारखे होईल.

गिरण्यांच्या जमिनीचा अनुभव ताजा आहे. २००१ मध्ये नियमात झालेल्या बदलाने मोकळ्या जागांचा आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा आटला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. बंदराची जमीन सार्वजनिक मालकीची आहे. त्यामुळे समुद्रकाठ किती खुला राहणार, घरे कोणाला मिळणार आणि वाहतुकीचा खर्च कोण उचलणार, हे पहिली निविदा निघण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे. मनोरा उभा राहिल्यावर या अटी घालता येत नाहीत.