वास्तू मान्य, माणसे अमान्य!

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १७६९ ते १८२३ या काळात एकवीस मिशने उभारली. सान हुआन कापिस्त्रानो हे त्यांतील सातवे. १ नोव्हेंबर १७७६ रोजी फादर हुनिपेरो सेर्रा यांनी त्याची स्थापना केली. ज्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मानवी समतेचा जाहीरनामा प्रसृत झाला, त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरील अहाशेमेन समाजाच्या पारतंत्र्याला प्रारंभ झाला, हा इतिहासातील क्रूर योगायोगच म्हटला पाहिजे. आज हे स्थान 'मिशनांचे रत्न' म्हणून मिरवते आणि दरवर्षी १९ मार्चला परतणाऱ्या पाकोळ्यांच्या स्वागताचा सोहळा तेथे थाटात साजरा होतो. मात्र ज्यांच्या भूमीवर आणि ज्यांच्या श्रमांतून ही वास्तू उभी राहिली, त्या समाजाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या सोहळ्यात फारसा कोणी विचारत नाही.

मिशनची मूळ कल्पना कागदावर मोठी उदात्त होती. मूळ रहिवाशांना ख्रिस्ती धर्म, शेती आणि कारागिरी शिकवायची, त्यांची जमीन विश्वस्त म्हणून सांभाळायची आणि सुमारे दहा वर्षांत ती त्यांच्या स्वाधीन करायची, असा हा बेत होता. व्यवहार मात्र वेगळाच झाला. एकदा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला परवानगीवाचून मिशन सोडण्याची मुभा नव्हती. पळून गेलेल्यांना सैनिक धरून आणत आणि त्यांच्या पाठीवर फटके बसत. दाटीवाटीच्या वस्तीत युरोपीय रोगांना आयतेच भक्ष्य मिळाले. १८०६ च्या गोवराच्या साथीने तर कॅलिफोर्नियाच्या मिशनांत मृत्यूचे थैमान घातले.

अशा परिस्थितीत १७९७ मध्ये तेथे भव्य दगडी चर्चच्या बांधकामाला आरंभ झाला. कुलियाकान येथील कुशल गवंडी इसिद्रो आगिलार याच्या देखरेखीखाली अहाशेमेन स्त्री-पुरुषांनी, मुलाबाळांनीसुद्धा, कित्येक मैलांवरून दगड वाहून आणले. १८०३ मध्ये आगिलार मरण पावला, तरी काम थांबले नाही. १८०६ मध्ये क्रुसाच्या आकाराची, सात घुमटांची ही वास्तू पूर्ण झाली. अवघ्या सहा वर्षांनी, ८ डिसेंबर १८१२ च्या सकाळी, उपासना चालू असतानाच भूकंप झाला आणि छत कोसळले. सुमारे चाळीस उपासक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. मनोऱ्यातील घंटा वाजवणारी दोन मुलेही त्यात दगावली. ज्यांनी दगड वाहिले, त्यांच्याच समाजावर ते कोसळले! ते चर्च पुन्हा कधीच बांधले गेले नाही. त्याचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

दिलेल्या वचनाचेही तेच झाले. मेक्सिकोने १८३३ मध्ये मिशने धर्मगुरूंच्या ताब्यातून काढून घेतली, पण भूमी मूळ मालकांच्या हाती फारशी आलीच नाही. १८४५ मध्ये मिशनची इमारत अवघ्या ७१० डॉलरला विकली गेली. खरेदीदारांपैकी एक तर गव्हर्नर पिओ पिको यांचे मेहुणेच होते. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ती वास्तू चर्चला परत केली. चर्चला वास्तू मिळाली, धनिकांना कुरणे मिळाली, अहाशेमेनांच्या वाट्याला मात्र काहीही आले नाही.

पुढची कहाणी अधिकच विदारक आहे. मिशनच्या नावावरून या समाजाला 'हुआनेन्यो' हे नाव पडले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९३ मध्ये त्याचे अस्तित्व मान्य केले, परंतु संघीय शासनाने २०११ मध्ये मान्यतेचा अर्ज फेटाळला. समाज म्हणून अखंड अस्तित्व सिद्ध होत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण. ज्यांची गावे मोडली, नावे बदलली, भाषा पुसली, त्यांच्याकडेच अखंडतेचा पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

पुतळे पाडणे हा याला उपाय नव्हे. २०१५ मध्ये सेर्रा यांना संतपद बहाल झाले आणि २०२० मध्ये त्यांचेच पुतळे जमावाने खाली खेचले. या दोन्ही घटनांनी अहाशेमेनांच्या पदरात काही पडले नाही. इतिहासाला पांढरा रंग फासून चालत नाही आणि काळा फासूनही चालत नाही. फादर हेरोनिमो बोस्काना यांनी अहाशेमेनांच्या श्रद्धांची नोंद तुच्छतेच्या सुरात केली हे खरे, पण तीच नोंद आज त्या समाजाला आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचवणारा एक दुवा ठरली आहे. म्हणूनच कागदही जपले पाहिजेत आणि दगडही.

दृष्टिकोन बदलण्याची काही चिन्हे दिसतात. कॅलिफोर्नियातील चौथीची मुले, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेसुद्धा, वर्षानुवर्षे मिशनच्या गोंडस प्रतिकृती बनवत आली. २०१६ च्या अभ्यासक्रम आराखड्याने ही प्रथा सोडून मिशनमधील माणसांच्या जीवनाकडे पाहण्याचा आग्रह धरला. कापिस्त्रानोतच पुतुइडेम या अहाशेमेनांच्या मूळ गावाचे स्मारक-उद्यानही आता साकारले आहे.

हे स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. भग्न भिंतींच्या डागडुजीची काळजी वाहणाऱ्या समाजाने, त्या भिंती उभारणाऱ्यांच्या वंशजांना मान्यतेसाठी दारोदार फिरायला लावू नये. वारसा म्हणजे नुसते दगड नव्हेत. त्या दगडांचा भार ज्यांनी वाहिला, ती माणसे हाच खरा वारसा आहे.